भाजीपाल्याला नांगरट कमी केली तर पीक कसं वाढतं, आणि सुरुवात कशी करायची

पहिल्या वर्षी, लागणीनंतरचे पहिले पंचवीस-तीस दिवस, विना नांगरटीचं टोमॅटो शेजारच्या नांगरलेल्या रानातल्या टोमॅटोपेक्षा बारीकच दिसतं. हे आधी सांगतो कारण बरेच जण इथंच घाबरतात, विसाव्या दिवशी रान बघून म्हणतात जमलं नाही, आणि पुढच्या हंगामाला परत रोटर (ट्रॅक्टरचा माती बारीक करणारा रोटाव्हेटर) मारून मोकळे होतात. मी पण पहिल्या वर्षी मध्येच मोडणार होतो, वडील म्हणाले लावलंयस तर पहिला तोडा होईपर्यंत तरी बघ, आणि ते थांबणंच कामाला आलं.

आमचं रान जुन्नर पट्ट्यात, मध्यम काळी माती, ड्रिप, पीक म्हणजे टोमॅटो, मिरची, कोबी-फ्लॉवर, मध्ये काकडी नाहीतर घेवडा. सुरुवात २० गुंठ्यांपासून केली. तुम्हीही तेवढ्यापासूनच करा, सगळं रान एकदम काढू नका.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं अर्धं काम लोक आधीपासून करतायत. टोमॅटो संपला की त्याच बेडवर, त्याच मल्चिंग पेपरच्या भोकात, त्याच तार-बांबूवर काकडी नाहीतर दोडका लावतात की नाही? मध्ये नांगर नाही, रोटर नाही, आणि काकडी मस्त येते. फक्त त्यानंतर पेपर काढला की पुन्हा नांगरट, रोटर, परत नवीन बेड. मी एवढंच म्हणतोय की तो बेड मोडूच नका. आजोबांच्या वेळी तर जड नांगर दरवर्षी रानात जातच नव्हता, हरळी-कुंद्याचं तण माजलं की दोन-चार वर्षांनी एकदा नांगर, बाकी सगळं कुळवावर, आणि कुळव जातो किती, दोन-तीन इंच. दरवर्षी नऊ इंच माती पलटायची आणि वर दोनदा रोटर मारून पीठ करायचं ही सवय ट्रॅक्टर आल्यावरची.

आता पीक सुरुवातीला मागं का राहतं ते समजून घ्या, म्हणजे त्यावर उपाय करता येतो. नांगरलं की मातीत एकदम हवा शिरते, जिवाणू जोरात कामाला लागतात, मातीतला सेंद्रिय भाग खाऊन टाकतात आणि त्यातून नत्र मोकळं होतं, ते लगेच रोपाला मिळतं म्हणून रोप हिरवंगार आणि जोमात दिसतं. पण ते नत्र आलं कुठून तर जमिनीच्या ठेवीतून, दरवर्षी ठेव मोडून खर्च केल्यासारखं आहे ते. नांगरलं नाही तर हेच काम हळूहळू होतं, नत्र थोडं थोडं सुटतं, म्हणून रोपाची सुरुवात सावकाश. दुसरं म्हणजे माती जरा घट्ट असते, मुळी पहिल्या दिवसापासून सरळ धावत नाही, वाट शोधत जाते. आणि तिसरं, वर आच्छादन, म्हणजे काड-पाचटाचा थर, असेल तर हिवाळ्यात माती थंड राहते, डिसेंबर-जानेवारीच्या लागणीला हे चांगलंच जाणवतं.

मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी चित्र बदलायला लागतं. मागच्या पिकाच्या मुळ्या कुजून त्यांच्या जागी बारीक नळ्या तयार झालेल्या असतात, गांडुळांची बिळं असतात, नवीन मुळी त्यातनं खाली जाते. पाणी पण त्याच वाटेनं मुरतं, मोठा पाऊस झाला तरी बेडवर डबकं साचत नाही. मातीत मायकोरायझा नावाची बुरशी असते, तिचे धागे मुळीला जोडले जातात आणि लांबचं स्फुरद आणून देतात, नांगर-रोटरनं हे जाळं तुटतं आणि दरवेळी नव्यानं बांधावं लागतं, रान न मोडलं तर पिकाला ते तयार मिळतं. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, कांदा, घेवडा यांना याचा फायदा होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा आणि पालक-बीट यांच्या मुळांशी मात्र ही बुरशी जवळजवळ जुळतच नाही, त्यामुळं या पिकांना फायदा मिळतो तो ओलावा आणि भुसभुशीतपणाचा, बुरशीचा नाही. हे माहीत नसेल तर माणूस कोबीकडं बघून म्हणतो काहीच फरक पडला नाही.

सगळ्यात मोठा फरक मला उन्हाळ्यात दिसला. मार्च-एप्रिलच्या दुपारी उघडी माती इतकी तापते की हात ठेववत नाही, वरच्या दोन-तीन इंचातल्या पांढऱ्या मुळ्या करपतात आणि फुलगळ सुरू होते. आच्छादन असलेल्या बेडवर त्याच दुपारी काड बाजूला करून बोट घाला, माती गार आणि ओलसर लागते. झाड दुपारी मान टाकत नाही. माझ्या रानात फळ पहिल्या तोड्यांना उशिरा आलं पण शेवटच्या तोड्यांना साइज टिकली, शेजारचा प्लॉट संपला तेव्हा माझा चालू होता.

सुरुवात करायच्या आधी रान तपासा, हे चुकवू नका. वाफश्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी, असताना एक लोखंडी सळई हातानं जमिनीत दाबत न्या. पाच-सहा इंचावर किंवा नऊ-दहा इंचावर एकदम अडली तर खाली कडक थर आहे, वर्षानुवर्षं रोटर आणि नांगर एकाच खोलीवर फिरून झालेला. हा थर तसाच ठेवून नांगरट बंद केली तर मुळी तिथं आडवी वळणार आणि तुम्ही म्हणणार पद्धत वाईट. तर मे महिन्यात माती पूर्ण सुकलेली असताना एकदा सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) घाला, ओल्या मातीत घालून उपयोग नाही, तो नुसता चिरत जातो, थर फुटत नाही. खोल मशागत करायची ती एवढी एकदा. भारी काळ्या मातीचं एक बरं आहे, उन्हाळ्यात तिला स्वतःलाच हातभर भेगा पडतात, वरची माती आत जाते, पावसात फुगून मिटतात, म्हणजे ती आपली आपणच थोडी उलटत असते. मुरमाड, तांबड्या रानाला ही सोय नाही, तिथं सळई जास्त मन लावून बघा.

दुसरी तपासणी ग्लासची. कोरडं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. लगेच विरघळून गढूळ चिखल झाला तर मातीला धरून ठेवणारं काही राहिलेलं नाही, अशा रानात आधी एक हंगाम ताग (हिरवळीच्या खताचं पीक) करा आणि मगच भाजीला लागा. ढेकूळ बराच वेळ तसंच बसून राहिलं तर चांगलं.

तिसरं म्हणजे तण, आणि बहुतेक जण याच्यावरच हरतात. बी पासून येणारं तण काही अडचण नाही, उलट माती पलटली नाही की खालचं बी वर येत नाही, दोन-तीन वर्षांत कमी होतं, फक्त बेडवर एकही तण बी धरेपर्यंत ठेवायचं नाही. पण हरळी, लव्हाळा, कुंदा असेल तर आधी ते संपवा, नंतर नाही जमत. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात, जोडलेल्या असताना सगळ्या फुटत नाहीत, रोटरनं माळ तोडली की प्रत्येक गाठ वेगळी उगवते, म्हणून रोटर मारलेल्या रानात लव्हाळा दुप्पट दिसतो. कडक उन्हाळ्यात हरळीच्या काशा (जमिनीखाली पसरणारी खोडं) वेचून बाहेर काढणं, नंतर दाट ताग पेरून सावलीनं दाबणं, हे कष्टाचं आहे पण होतं. मल्चिंग पेपरला सुद्धा लव्हाळा भोकं पाडून वर येतो हे बघितलंच असेल.

बेड एकदाच पाडायचे म्हणून नीट पाडा. शेवटच्या मशागतीला एकरी आठ-दहा टन पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून घ्या, कारण यानंतर खत खाली मिसळायची संधी नाही. दोन बेडच्या मध्यातलं अंतर साडेचार-पाच फूट, माथा अडीच-तीन फूट, उंची नऊ इंच ते एक फूट. उतार बघून पाडा, पाणी सरीत थांबता कामा नये. आणि एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मजुरांनाही रोज सकाळी सांगा, की पाय सरीतच पडला पाहिजे, बेडवर नाही. फवारणीचा माणूस, तोडणीच्या बायका, क्रेट उचलणारे, सगळे. नांगरट बंद केल्यावर बेडवर पडलेला प्रत्येक पाय तिथंच घट्ट होऊन राहतो, तो मोकळा करायला कोणी येणार नाही.

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर बेडवर ताग टाका, एकरी वीस-पंचवीस किलो बी, आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर यायला लागला की कापून तिथंच बेडवर आडवा पाडा. गाडायचा नाही. फुलोरा पुढं गेला तर खोड दोरासारखं चिवट होतं आणि कुजायला वेळ लावतं. ताग नसेल जमत तर बाहेरून काहीही आणा, सोयाबीनचं काड, गव्हाचा भुसा, उसाचं पाचट, भाताचा पेंढा. थर दाबून तीन-चार इंच राहील एवढा हवा, पातळ टाकला तर तण पण दबत नाही आणि ओल पण राहत नाही, नुसती मजुरी जाते.

इथं एक चूक फार होते. पाचट किंवा गव्हाचं काड लागणीच्या तोंडावर रोटरनं मातीत मिसळतात. या काडात कर्ब खूप आणि नत्र अगदी कमी, ते कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात, रोप पिवळं पडतं. काड वर राहिलं तर फक्त मातीला लागलेला भाग कुजतो आणि ही ओढ फार बसत नाही. पाचट असेल तर ऊसवाले करतात तसं दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाकून भिजवून ठेवा, लागणीच्या महिना-दीड महिना आधी.

लागण करताना काड बाजूला सारून फक्त रोपापुरती जागा मोकळी करायची, खुरप्यानं नाहीतर टोकदार दांड्यानं ट्रेमधल्या गड्ड्याएवढं भोक, त्यात रोप, बाजूनं माती दाबायची. हे वाफश्यावरच करा. ओल्या काळ्या मातीत दांडा घातला की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळी त्या ओलांडत नाही, आतल्या आत गोल फिरत बसते, आणि सुकल्यावर भोक आकसून रोपाभोवती फट पडते. माझी पहिल्या वर्षीची जवळजवळ चार ओळी रोपं अशीच गेली, पाऊस येईल म्हणून घाईत लावली होती. पहिल्या वर्षी माती घट्ट वाटत असेल तर पूर्ण बेड न हलवता फक्त लागणीच्या ओळीवर सहा-आठ इंचाचा पट्टा कुदळीनं किंवा छोट्या पॉवर वीडरनं मोकळा करा, बाकी तसंच ठेवा. हा मधला मार्ग आहे आणि मला वाटतं नवीन माणसानं इथूनच सुरू करावं.

सुरुवातीची जी मंद वाढ सांगितली तिच्यावर उपाय म्हणजे पहिले तीन आठवडे ड्रिपमधून खाणं जरा हातचं न राखता द्यायचं. मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) एकरी अडीच-तीन किलो एक दिवसाआड देतो, आणि स्फुरदासाठी एक-दोनदा १२:६१:०० देतो, कारण बेड मोडत नाही म्हटल्यावर वरून टाकलेलं स्फुरद वरच्या दोन इंचातच बसून राहतं, खाली जात नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून हे कमी करता आलं, पण पहिल्या वर्षी ‘आता जमीन सुपीक होणार’ म्हणून खत निम्मं करू नका, जमीन अजून झालेली नसते.

पाण्याचं उलट आहे. ड्रिपची वेळ जुन्या सवयीनं ठेवली तर आच्छादनाखाली माती कायम ओली राहते, मर आणि खोडकुज सुरू होते, आणि माणूस औषधं ओतत बसतो. काडाखाली हात घालून मूठभर माती दाबा, लाडू झाला तर आज पाणी नको. खोडाभोवती तीन-चार इंच जागा काडाशिवाय मोकळी ठेवा.

किडीचं पण सांगितलं पाहिजे. आच्छादन म्हणजे गोगलगायींना घर. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडं गोगलगायींनी कोवळं सोयाबीन साफ केलं ते आठवत असेल. ज्या भागात गोगलगाय आहे तिथं जून-जुलैत कोवळ्या रोपांजवळ जाड काड ठेवू नका, रोप वीतभर झाल्यावर पसरा, आणि संध्याकाळी ओली गोणपाटं सरीत टाकून सकाळी खाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हलक्या रानात वाळलेल्या काडाला वाळवी लागते, ओल टिकवली की कमी राहते. उंदरांची बिळं दिसली की लगेच बघा, काडाखाली ते निवांत असतात.

पिकानुसार बोलायचं तर रोप लावून येणारं आणि मोठ्या बियांचं सगळं जमतं, टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर, काकडी, दोडका, कारलं, भोपळा, भेंडी, गवार, चवळी, घेवडा. भेंडी आणि घेवड्याचं बी काडाखालून वर यायला धडपडतं म्हणून टोकणीच्या जागी काड बाजूलाच ठेवा, चार पानांवर आलं की जवळ ओढा. मेथी, कोथिंबीर, पालक यांना वरची इंचभर माती दाताळ्यानं मोकळी करावीच लागते आणि काड पूर्ण काढावं लागतं, म्हणजे ही कमी मशागत झाली, शून्य नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. लसूण काडाखाली छान येतो. कांद्याला पहिल्या वर्षी माती घट्ट असली तर गड्डा चपटा होतो, दोन हंगाम जाऊ द्या. गाजर आणि मुळा सगळ्यात शेवटी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, तोपर्यंत सळई एक फूट सहज जाते का बघा, नाहीतर गाजराला दोन पाय फुटतात आणि मार्केटला कोणी विचारत नाही. बटाट्याचं वेगळंच आहे, बंगालच्या सुंदरबनात भात काढल्यावर खाऱ्या जमिनीवर न नांगरता बेणं नुसतं मातीवर ठेवून वर भाताच्या पेंढ्याचा जाड थर घालतात, बटाटा पेंढ्यातच धरतो, पेंढा उचलला की काढणी झाली. पेंढा भरपूर असेल त्यानं दोन ओळी करून बघायला हरकत नाही.

पीक संपल्यावर झाड उपटायचं नाही. जमिनीलगत विळ्यानं नाहीतर कात्रीनं कापा, मूळ आत राहू द्या, त्या मुळाच्याच पुढच्या वर्षी नळ्या होणार आहेत. याला एक अपवाद मात्र कडक पाळा. चार-पाच झाडं उपटून मुळं बघा, गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळात शिरणारे अगदी बारीक किडे) आहे, मग त्या बेडवरची सगळी मुळं खोदून रानाबाहेर काढा आणि पुढचं पीक टोमॅटो-वांगी-काकडी नको, झेंडू घ्या. घेवड्याच्या मुळावरच्या गाठी बघून घाबरू नका, त्या नत्राच्या असतात, बाजूला चिकटलेल्या, नखानं निघतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. व्हायरस किंवा करप्याची झाडं आच्छादन म्हणून वापरू नका, बाहेर काढा. आणि नांगरट नाही म्हणजे फेरपालट दुप्पट महत्त्वाची, टोमॅटोवर टोमॅटो घ्याल तर रोग साठत जाणार.

आपल्याकडं हे काम कोणी करून दाखवलंय का असं विचारलं जातं. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत बसवली, कायमचे गादीवाफे, भात कापला की मुळं आत, आणि त्याच वाफ्यावर रब्बीला वाल, कडधान्यं, भाजीपाला. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर ऊस विना नांगरणी करतात आणि जमिनीतल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं लिहितायत. शक्य झालं तर जाऊन असं एखादं रान डोळ्यांनी बघा. या पद्धतींत खोडवं आणि तण मारायला तणनाशक वापरतात, त्यावर वाद आहे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये बंधनं घातली हे लक्षात ठेवा, आणि भाजीच्या बेडवर माझं मत स्पष्ट आहे, २०-३० गुंठ्यांना विळा आणि जाड आच्छादन पुरतं, भाजी दर दोन दिवसांनी तोडून कोणाच्या तरी ताटात जाते. पाच एकराला विळा परवडत नाही हेही मला मान्य आहे.

पैशाचं म्हणाल तर नांगरट, रोटर, बेड पाडणं यांचे एकरी काही हजार दर हंगामाला वाचतात, पण पहिल्या वर्षी ते काडावर आणि काड पसरायच्या मजुरीवर जातात. बचत दुसऱ्या वर्षापासून.

आणि तुलना करायला एक बेड शेजारी नेहमीसारखा नांगरून ठेवा, तेच रोप, तीच तारीख, तेच खत. दोन्हीकडं दहा-दहा झाडांना रंगीत चिंधी बांधा. विसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी उंची मोजून वहीत लिहा, तोड्याचं वजन वेगळं करा, पाणी किती तास दिलं ते लिहा. शेवटी दोन्हीकडचं एक-एक झाड फावड्यानं लांबून खोदून मुळासकट काढा आणि बादलीत हळू धुवा. पहिल्या वर्षी दोन्ही मुळं सारखीच दिसतील बहुतेक. मला फरक दिसला तो दुसऱ्या वर्षाच्या टोमॅटोला, नांगरलेल्या बेडचं मूळ सहा इंचावर पसरट झालेलं आणि दुसरं खाली, गांडुळाच्या बिळातनं सरळ उतरलेलं.